तुला न्यायला कोण येणार

वर्ष सुरू होतं तेव्हा बालवाडीच्या पहिल्या आठवड्यात जी रडारड असते, ती ज्यांनी ऐकली नाही त्यांनी आपले कान धड आहेत म्हणून खुशाल मिरवावं. वीस पोरं 'आई' म्हणून टाहो फोडतात. एकाचं थांबतं तर त्याच्याकडे बघून दुसऱ्याचं सुरू होतं. त्यावर आमच्याकडे एकच औषध आहे. पोराला कडेवर घ्यायचं, पाठीवर थोपटायचं आणि म्हणत राहायचं, 'आई येणार हं आत्ता.' हे मी इतक्या वेळा म्हटलंय की घरी दूध उतू जाताना दिसलं तरी तोंडातून पहिल्यांदा तेच निघतं. हे औषध लागू पडतं, कारण ते खरं असतं. आई येते. उशिरा येते, धापा टाकत येते, फोन कानाला लावून येते, पण येते. दोन-चार दिवसांत पोरांना ते पटतं आणि मग ती आईकडे ढुंकूनही न बघता वाळूत पळतात.

त्या वर्षी आलेल्या एका मुलाचं नाव आमच्या मावशींनी पहिल्याच दिवशी मुंगळा ठेवलं. आईच्या पायाला तो असा चिकटायचा की ओढला तर तुटेल पण सुटणार नाही. मावशी म्हणजे आमच्या मदतनीस. पोरांची नाकं पुसण्यापासून मला गप्प बसवण्यापर्यंत सगळी कामं त्यांच्याकडे.

मुंगळ्याची आई किडकिडीत होती, डोक्याला कायम स्कार्फ. आया पहिले दोन दिवस वर्गात बसतात, मग आम्ही त्यांना गोड बोलून घालवतो. ही बाई तिसऱ्या आठवड्यातही दाराजवळच्या त्या वीतभर खुर्चीत बसलेली. मधूनच बाहेर जायची, थोड्या वेळाने परत यायची. मला अशा आयांचा भयंकर राग येतो. मूल सोडत नाही म्हणून सांगतात आणि सोडत नसतात त्या स्वतःच.

एक दिवस ती बाहेर पडताच मुंगळ्याने गळा काढला. मी त्याला उचलला आणि नेहमीचं सुरू केलं, "रडू नको राजा, आई येणार हं आत्ता." ती दारातून मागे वळली.

"ताई, असं नका ना सांगू त्याला."

"आम्ही हेच करतो हो रोज," मी म्हटलं. "आता तुम्ही शिकवणार का आम्हाला?"

ती भिंतीला हात लावत लावत फाटकाकडे गेली. काय नाटक आहे, असं मी मावशींना म्हटलंसुद्धा.

आमच्याकडे वर्षातून दोनदा खेळणी दुरुस्तीचा दिवस असतो. आईबाप येतात, तुटकं-फुटकं सगळं मधे ओततात आणि जो तो जमेल ते करतो. मुंगळ्याचा बाबा प्लंबर. तो पाने घेऊन तिचाकी सायकलींना भिडला होता आणि मुंगळा त्याच्या पाठीवर चढून बसला होता. आई माझ्यासमोर बाहुलीचा तुटलेला हात शिवत होती. बऱ्याच वेळाने सुई न थांबवता ती म्हणाली, "त्या दिवशीचं मनात ठेवू नका ताई. मी पुढच्या वर्षी नसणार आहे."

मला आधी वाटलं, ही मंडळी गाव सोडून चाललीत.

"डॉक्टरांनी आता हात टेकलेत," ती म्हणाली. "तुम्ही त्याला रोज सांगाल आई येणार, आई येणार. आणि एक दिवस मी नाही यायची. मग तो तुमचं ऐकेल का? त्याच्या बाबाचं ऐकेल? माझ्यामागे त्याला कुणाचं तरी खरं वाटलं पाहिजे हो."

मी हातातलं खेळणं खाली ठेवलं. "मग काय सांगू त्याला?"

"जे खरं असेल ते. कुणीतरी येणारच आहे ना त्याला न्यायला. बाबा, नाहीतर आजोबा. सकाळी आम्हाला विचारून घ्या आणि तेवढंच सांगा. म्हणून तर मी ये-जा करत बसते. सवय लावतेय त्याला."

मग तिने बाहुली उचलून बघितली आणि हसली. हात उलटा शिवला गेला होता, पंजा पाठीकडे.

"उसवू का?"

"राहू दे," मी म्हटलं. "पाठ खाजवायला बरा."

दोघी हसलो. मी घाईघाईने दोरा शोधायच्या निमित्ताने कपाटाकडे गेले आणि तिथे रडून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मी नियमच करून टाकला. सकाळी सगळ्यांनी गोल बसायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, 'आज तुला न्यायला कोण येणार?' एकट्या मुंगळ्याला विचारलं असतं तर बरं दिसलं नसतं. पोरांना तो खेळच वाटला. आजी, काका, ताई, आणि एकाचं उत्तर रोज हत्ती. मुंगळा आईकडे बघून सांगायचा, कधी 'आजोबा', कधी 'बाबा' आणि तिला बरं असलं की 'आई'. त्या दिवशी तो शब्द वर्गाबाहेर ऐकू जाईल इतका मोठा असायचा. 'आई येणार' हे त्याच्याशी बोलायचं नाही, असं मी मावशींनाही बजावून ठेवलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मान हलवली.

हळूहळू पकड सुटली. एका सकाळी तो फाटकातून थेट वाळूकडे पळाला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. आई फाटकाच्या गजाला धरून उभी होती. तिला हवं होतं तेच झालं होतं आणि तोंड मात्र हरल्यासारखं. मी जवळ गेले तर म्हणाली, "बघा, विसरला मला," आणि हसायचा प्रयत्न केला. त्यानंतर ती फारशी आलीच नाही.

ती गेली त्या सकाळी बाबाचा फोन आला. घरात माणसांची गर्दी होती, म्हणून पोराला आजोबा आमच्याकडे सोडून गेले. त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं, संध्याकाळी बाबाच सांगणार होता. गोल बसल्यावर मी विचारलं. तो म्हणाला, "बाबा." मी पुढच्या मुलाकडे वळले. त्या दिवशी हत्तीवर मला हसता आलं नाही.

दुपारी घसरगुंडीखाली तो आपटला. गुडघा फुटला आणि त्याने 'आई' म्हणून अशी किंकाळी मारली की मावशी हातातली बादली टाकून धावल्या. त्यांनी त्याला छातीशी धरलं, थोपटलं आणि इतक्या वर्षांची सवय जिभेवर आली. "नाही रडायचं माझ्या राजा. आई येणार हं, आत्ता येणार."

बोलल्या आणि स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

तो गप्प झाला. त्याने गाल पुसले, चपलांच्या मांडणीतून आपले बूट काढले, उलट्या पायांत घातले आणि बाकावर जाऊन बसला. बिस्किट दिलं, घेतलं नाही. गोष्ट सुरू केली, आला नाही. माझं धाडस झालं नाही त्याला काही सांगायचं. मी भित्री ठरले, झालं.

बाबा आला. मुंगळा त्याच्याकडे न बघता त्याच्या मागे बघत राहिला.

"आई कुठाय? मावशी म्हणाली आई येणार."

तो एवढा धिप्पाड माणूस, बाकासमोर उकिडवा बसला. आवाज फाटला होता, पण तो बोलला. "आई नाही येणार, बाळा. आई वारली. आता ती कधीच नाही यायची. मी येणार. रोज मी, नाहीतर आजोबा."

मुंगळ्याने त्याच्या छातीवर बुक्के मारले. मग बाकावरून उतरून तो मावशींकडे गेला आणि त्यांनाही मारलं. "खोटं बोलली! मावशी खोटं बोलली!" मावशी हलल्या नाहीत, हात आडवा केला नाही. तो गेल्यावर त्या मोरीपाशी बसून किती वेळ रडत होत्या. मी जवळ जाऊन बसले. 

काही दिवसांनी तो पुन्हा यायला लागला. रडायचा नाही, पण गोलात विचारलं तर ओठ मिटून बसायचा. मावशींना बुटाला हात लावू द्यायचा नाही. आणि मावशींचं औषध संपलं ते संपलंच. कुणीही रडलं की उचलायच्या, थोपटायच्या, तोंडातून मात्र एक शब्द नाही.

मग वर्षाच्या मधेच एक नवी मुलगी आली. आई नोकरीला निघून गेली आणि हिने दारातच लोळण घेतली. माझ्या दोन्ही हातांना कागद चिकटवायची खळ लागलेली. मावशींनी तिला उचललं आणि मुक्यानेच थोपटत राहिल्या. पोरगी थांबेना, हुंदके देऊन देऊन निळी व्हायला आली.

मुंगळा वाळूतून उठला. कोपऱ्यातून ती उलट्या हाताची बाहुली घेतली आणि मावशींसमोर येऊन उभा राहिला.

"तुला न्यायला कोण येणार?" त्याने मुलीला विचारलं.

"आई," ती हुंदक्यातून म्हणाली.

त्याने माझ्याकडे बघितलं. "खरं?"

सकाळीच मी तिच्या आईला विचारलं होतं. "खरं," मी म्हटलं.

त्याने बाहुली तिच्या हातात कोंबली. टाचा उंचावून तिच्या पाठीवर थोपटलं, आम्ही थोपटतो तसंच. "रडू नको. तुझी आई येणार आहे."

मग त्याने मावशींचा पदर ओढला.

"मावशी, तू पण सांग ना तिला. तिची येणार आहे."

मावशींना ते सांगायला बराच वेळ लागला.