डाळिंबी कोळंब्यांचं घराणं

"अहो, या सगळ्या बायकाच आहेत की काय? हे तर आमचं भजनी मंडळ भरलंय!"

कीर्तनाला निघालेली सुचेता टाकीच्या काचेशी वाकून हसली आणि बाबाजींच्या हातातली जाळी पाण्यात पडली.

केबिन रोडवरच्या रंगाच्या दुकानात शेड जुळवण्यात त्यांचा जन्म गेला होता. तीच नजर त्यांनी या नखाएवढ्या शोभेच्या कोळंब्यांवर लावली. प्रत्येक पिढीतल्या गडद लाल तेवढ्या ठेवायच्या, फिकट बाजूला काढायच्या. असं करत करत त्यांनी पिकल्या डाळिंबाचा रंग आणला होता. पण कित्येक महिने एकीच्याही पोटाशी अंडी नव्हती. या जिवांचं आयुष्य ते केवढं! पिल्लं झाली नाहीत तर घराणं इथंच संपणार. पाणी बदलून झालं, पाला बदलून झाला, पांडुरंगाला सांगून झालं.

आणि आता बायकोच्या थट्टेनं लख्ख उजेड पडला. या जातीत नर मुळातच फिकट! रंगाच्या नादात बाबाजींनी या पिढीतले एकूणएक नर वेचून बाहेर काढले होते.

"अगं, टाळकरीच हाकलले मी! बुवा एकटे काय कीर्तन करणार?"

"मग आणा ना परत."

फिकट कोळंब्या मारवत नाहीत म्हणून बाबाजी त्या रेनॉल्डला देत. दुकानातला हा जुना सोबती पालीच्या कोळीवाड्यात राहायचा. त्याच्या अंगणात हौद होता. सुचेतानं कधी नव्हे ते कीर्तन बुडवलं. बसमध्ये जागा रिकामी असूनही बाबाजी पालीपर्यंत उभेच.

"अरे बाबाजी, आयडाने कालच हौद घासला रे!" रेनॉल्डनं कपाळावर हात मारला. "मला काय ठाव, तू टाकलेलं परत न्यायला येशील!"

बाबाजी पायरीवरच बसले.

"सगळं न्हाय फेकलं गो," आतून त्याची बायको आयडा सुचेताला म्हणाली. "शेवाळ हाय बादलीत, झाडांना घालायला ठेवलंय."

चौघं बादलीवर तुटून पडले. कोपरापर्यंत हात हिरवे झाले.

"हाय! हाय! ह्यो बघ!" रेनॉल्ड ओरडला. शेवाळाच्या गुंत्यात काचेच्या कपच्यांसारखे काही जीव टुणटुण उडत होते.

"ह्याचं कालवण पन न्हाय होयाचं," आयडा बाबाजींना म्हणाली, "आन् तू रडतो काय रे?"

घरी पिशवी टाकीत तरंगत ठेवून, थेंबथेंब पाणी घालत बाबाजींनी पाहुण्यांना आत सोडलं. पुढच्याच आठवड्यात एका मादीनं कात टाकली, म्हणजे ती विणीला तयार झाली, आणि काय सांगावं! फिकट नर या काचेपासून त्या काचेपर्यंत भिरभिरू लागले. गजर टिपेला पोचावा तशी टाकी नाचत होती. सुचेतानं चक्क टाळ्यांचा ठेका धरला.

पिल्लं आली. काही लालसर, काही निव्वळ पाण्यासारखी. इतक्या वर्षांचा रंग थोडा उतरला होता. बाबाजींनी यंदा एकालाही बाहेर काढलं नाही.

एका सकाळी सगळ्यांत गडद, सगळ्यांत म्हातारी मादी तळाशी मरून आडवी पडलेली दिसली. पिल्लं तिच्याभोवती जमून चिमुकल्या हातांनी तिचा एकेक कण उचलत होती.

"काढा हो तिला," सुचेता हळूच म्हणाली.

बाबाजींनी बाही सरकवली, हात पाण्यापर्यंत नेला आणि तसाच मागे घेतला.

"जेवतायत," ते म्हणाले. "होऊ दे त्यांचं."