मयत मंगल

मंगलनं स्वतःच्या मरणाची बातमी तळेघरच्या चावडीवर वाचली.

एसटी चुकली म्हणून ती पडवीत थांबली होती. सहज नोटिसांच्या फळ्याकडे नजर गेली. वडिलांच्या भातखाचरांची वारसनोंद लागली होती. वारस दोन : पत्नी अंबाबाई, मुलगा बहिरू. मुलगी मंगल, मयत. सोबत प्रतिज्ञापत्राची प्रत, तिच्यावर बहिरूची सही आणि आईचा अंगठा. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.

हरकत! मेलेल्या बाईनं हरकत घ्यायची तरी कशी? आणि ही मेली तरी कधी? मागच्या हिवाळ्यात आईला न्यूमोनिया झाला, तेव्हा मंचरच्या दवाखान्यात पंधरा दिवस उशाशी बसलेली नर्स कोण होती, भूत? दर दिवाळीला हिच्या पेठच्या खोलीवर ओवाळून घेऊन, वर करंज्या हाणून जाणारा बहिरू मग भुताच्या हातचं खात होता म्हणायचा. भावाचं एक वेळ समजलं असतं. जमिनीपाशी भावांची नियत फिरते, हे जगजाहीर आहे. पण आई? पोटच्या लेकीवर तिनं एका अंगठ्यानं माती लोटली होती.

सहा वर्षांपूर्वी मंगलनं बाप्तिस्मा घेतला होता. पेठला पत्र्याच्या खोलीत रविवारची उपासना व्हायची. नोटीस वाचल्यानंतरच्या रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्ही जशी इतरांना क्षमा केली, तशी तू आम्हाला कर' ही ओळ आली आणि मंगलची दातखीळच बसली. देवापुढं खोटं कसं बोलायचं?

त्यात, तिनं नोटीस वाचल्याचं कानावर गेलेल्या बहिरूचा फोन आला. "आक्का, हरकत घिऊ नगंस. तुमच्यात माफ करत्यात ना?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं हिचा येशू ज्याला खपला नव्हता, त्याला आता तो बरोबर आठवला, तोही सोयीपुरता!

ती तशीच, रविवारची उपासना चालवणाऱ्या पाळक कुंडलिकांकडे गेली. "सांगा, करू माफ? बसू गप?"

कुंडलिक एके काळचे ऊसतोडीचे मुकादम. गोडगोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही. "माफ करायचंच हाय, ताई. त्यात सूट न्हाई. पर मेलेल्या बाईची माफी घेनार कोन? त्याला धरलं तवा पळून गेलेल्या शिष्यांना येशूनं जवळ केलं, पर आदी थडग्यातनं उठला. तुमी आदी कागदावर जित्त्या व्हा."

मंगलनं दुसऱ्याच दिवशी हरकतीचा अर्ज दिला.

सुनावणीला सर्कल साहेबांनी विचारलं, "अर्जदार कोण?"

"मयत मंगल," ती ताडकन म्हणाली. बहिरू आईच्या मागं सरकला.

साहेबांनी प्रतिज्ञापत्र वाचलं. "हे खोटं दिलंय. यांच्यावर तक्रार करणार का?"

मंगल आईकडे वळली. "आये, तुला ठावं व्हतं?"

अंबाबाईनं निदान तेव्हा तरी खोटं सांगितलं नाही. "व्हतं. बहिरू म्हनला, तिनं देव सोडला तवाच ती आपल्याला मेली. म्या आंगठा दिला."

तक्रार करावी, दोघांनाही कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावाव्यात, असं मंगलच्या अगदी जिभेवर आलं. तिनं ते गिळलं. "आदी माजं नाव लावा," ती म्हणाली. "मग बोलते."

बहिरूनं नव्या जबाबावर सही केली. आईनं अंगठा उमटवला. वारस तीन. मुलगी मंगल, हयात.

"आता ऐका," मंगल म्हणाली. "तक्रार न्हाई. माफ केलं, दोगांनाबी. बहिऱ्या, तू माफी मागितलीस म्हनून न्हाई. माज्या देवानं सांगितलंय म्हनून. आन् खाचरातला माजा वाटा मी सोडनार न्हाई, ते येगळं."

इतक्या दिवसांची दातखीळ सुटली होती. राग मात्र होता तिथंच होता. तिनं आपल्या नर्सच्या पिशवीतून कापूस आणि स्पिरिट काढलं, आईचा हात ओढला आणि अंगठ्याची शाई खसाखसा पुसू लागली.

"हळू गं," अंबाबाई कळवळली.

"मेलेल्या हाताला काय कळतंय हळू आन् जोरात?" मंगल म्हणाली. पण हात हलका झाला.