समोरच्या गाड्यांचा सलाम

निवृत्तीच्या दिवशी गुंडेरावांना शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, पेढेही मिळाले. मिळेनासा झाला तो फक्त डिपर, आणि तेच त्यांनी मनाला लावून घेतलं.

तीस वर्षं त्यांनी आळंद-उमरगा रस्त्यावर सरकारी बस चालवली होती. समोरून येणारा बसवाला, ट्रकवाला, जीपवाला दिवे मिचकावून जायचा. मग हेही दिवे मिचकावणार, हात वर करणार. डिपर म्हणजे ड्रायव्हर लोकांचा रामराम. जेवताना ते पार्वतीबाईंना सांगायचे, ‘आज माणिकप्पा भेटला, लई दिवसांनी.’ भेटला म्हणजे काय, तर समोरून भुर्रकन निघून गेला. पण सांगताना चेहरा असा फुललेला, की जणू दोघं पारावर बसून तासभर बोललेत.

आता त्यांच्याकडे एक जुनी पांढरी छोटी गाडी होती. बुधवारी आणि शनिवारी दोघं नवराबायको तिच्यातून आळंदला लेकीकडे जायचे, चहा प्यायचे आणि दिवेलागणीला गावाकडे निघायचे. त्या गाडीत कोण बसलंय याच्याशी कुणाला काय देणंघेणं? समोरून बस आली की गुंडेरावांचा हात सवयीनं वर जायचा, आणि समोरून उत्तर आलं नाही की तोच हात डोकं खाजवायला लागायचा. शेजारी बसलेल्या पार्वतीबाईंना हे दिसायचं. पण नवऱ्याला सलाम मिळवून द्यायला त्या तरी कुठून आणणार?

तो आणला बाबूलालनं. आळंदच्या स्टँडसमोर त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. ‘अण्णा, ह्या पिवळ्या उजेडात रस्ता दिसतो तरी का तुमाला? येलईडी टाकतो, दिवस उगवल्यावानी पडंल,’ असं म्हणून त्यानं बोलता बोलता दोन्ही बल्ब बदलले. सगळेच टाकायलेत म्हणाला. सगळेच करतात हे आपल्याकडे कायद्याचं सगळ्यात वरचं कलम आहे, त्याच्यापुढे कुणी अपील करत नाही.

त्याच संध्याकाळी चमत्कार झाला. समोरून बस आली आणि तिनं दिवे मिचकावले. एकदा नव्हे, तीनदा. तिच्यामागून ट्रक आला, त्यानंही. मग जीप, मग एक ट्रॅक्टर. गुंडेरावांचा हात खाली येईना. गाडी कुणाची असेल याचा अंदाज घेऊन ते आत बसल्या बसल्या ‘जय भीम’, ‘शरणु’, ‘सलाम भई’ असं ज्याचं त्याला देत सुटले.

‘बगितलीस का,’ ते म्हणाले, ‘इसरले न्हाईत लोक.’

दोन महिने हे चाललं. माणूस दोन घास जास्त जेवायला लागला, दाढी रोजच्या रोज करायला लागला. मधे एकदा आळंदच्या वेशीवर शरणबसव नावाच्या कोवळ्या पोलिसानं गाडी थांबवली. पार्वतीबाई त्या दिवशी बरोबर नव्हत्या. घरी येऊन गुंडेराव म्हणाले, ‘लाईट बगून थांबवलं त्यानं. कुठून बसवले, इचारत व्हता.’ पोलिसालाही आवडले वाटतं, असं पार्वतीबाईंनी धरलं आणि भाकरी थापायला घेतली.

मग तो गुरुवार आला. लेकीच्या शेजारणीकडे बारसं होतं, त्याला पार्वतीबाई एकट्याच गेल्या होत्या. लेक ज्योत्स्ना आळंदच्या शाळेत शिकवते आणि जे मनात तेच तोंडात असा तिचा कारभार. ‘अप्पाला कशाला बोलवतीस, मीच स्कूटरवर सोडते,’ असं म्हणून ती अंधार पडता पडता आईला घेऊन निघाली. दोन्हीकडे तुरीची शेतं, मधे अरुंद रस्ता. गाव जवळ आलं आणि समोरून पांढरा झोत आला. ज्योत्स्नानं डिपर मारला, पुन्हा मारला. हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. झोत तसाच अंगावर आला. रस्त्याची कड कुठं संपते ते दिसेना, आणि गाडी बाजूनं जाताच स्कूटर खाली उतरून काळ्या मातीत आडवी झाली.

माती मऊ होती म्हणून निभावलं. पार्वतीबाईंचं कोपर तेवढं एका दगडावर सोलवटून निघालं. त्या उठून बसल्या, मान वळवून पाहिलं, तर ती गाडी आरामात आळंदकडे निघाली होती आणि तिच्या खिडकीतून एक हात बाहेर येऊन मोठ्या मायेनं हलत होता.

‘कोण बिनडोक हाय ह्यो?’ ज्योत्स्ना ओरडली.

‘बाप हाय तुजा,’ पार्वतीबाई म्हणाल्या.

उशीर झाला म्हणून ते बायकोला आणायला निघाले होते. ज्योत्स्ना तिथंच फोन काढत होती, तिच्या हातातून पार्वतीबाईंनी तो घेतला. ‘तू बोलू नको. तुज्या तोंडाला धार हाय. मी सांगते.’

‘आजच सांग, माय. आज आपण व्हतो, उद्या दुसरं कोण तर असंल.’

‘आजच,’ पार्वतीबाईंनी कबूल केलं.

पण गुंडेराव परत आले ते ओठांवर शीळ घेऊनच. ‘तू निघून बी आलीस? मी उगंच हेलपाटा घातला. पर काय सांगू पारू, आज एका स्कूटरवालीनं बी डिपर मारला. हॉर्न तर कितीक येळ. हेल्मेटात कुणाची लेक व्हती ठाव न्हाई, पर मला वळखती बग.’ पार्वतीबाईंनी पदर कोपरावर ओढून घेतला आणि विचारलं, कढी अजून वाढू का.

रात्रभर त्यांचं कोपर ठणकत होतं. सांगावं तर या माणसाचा एवढा एक आनंद आपल्या हातानं काढून घ्यायचा. न सांगावं तर कुणाची तरी लेक उद्या दगडावर पडायची, आणि सगळेच दगड काही कोपराला लागत नाहीत. त्यांना नवऱ्याचा फार राग आला आणि त्याहून जास्त त्याची दया आली.

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला त्या अंगणात आल्या आणि म्हणाल्या, ‘गाडीची चावी द्या.’

‘कामून?’

‘द्या तर. आन तुमी गाडीसमोर त्या लिंबाच्या झाडापाशी जाऊन हुबं ऱ्हावा.’

बायकोला या वयात गाडी शिकायची हौस आली, असं समजून गुंडेराव हसत हसत गेले. पार्वतीबाई पहिल्यांदाच त्या सीटवर बसत होत्या. पण इतके दिवस शेजारी बसून कोणती दांडी कुठं फिरते ते त्यांना पाठ झालं होतं. त्यांनी दिवे लावले.

गुंडेरावांनी दोन्ही हात डोळ्यांवर घेतले. ‘आगं अप्पर हाय त्यो! डिपर कर, डिपर!’

‘डिपरच हाय.’

‘न्हाई गं, डोळे फुटायलेत हितं.’

‘येऊन बगा मंग.’

ते आले, वाकून दांडी पाहिली. डिपरच होता, म्हणजे खालचाच उजेड. आयुष्यात कधी समोर गाडी असताना त्यांनी अप्पर ठेवला नव्हता, पोरांना त्यावरून शिव्या घातल्या होत्या. ते पुन्हा लिंबापाशी गेले आणि या वेळी डोळे बारीक करून उभे राहिले. पार्वतीबाईंनी आत बसून हात वर केला.

‘मी हात केलाय,’ त्या म्हणाल्या. ‘दिसला का?’

‘न्हाई. कायच दिसंना.’

‘तुमचा बी कुणाला दिसला न्हाई.’

 गुंडेराव फिरून येऊन बायकोच्या जागेवर, डावीकडे बसले. पार्वतीबाईंनी दिवे बंद केले.

‘दिव्याच्या काचंमागची वाटी जुन्या बल्बाच्या मापाची हाय,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘त्यात ह्यो असला बसवला की उजेड खाली ऱ्हाईना, चौकडं उडतोय. त्या पोलिसाच्या पोरानं सांगितलं व्हतं मला. कंपनीचा बल्ब काढून असला टाकायला परवानगी न्हाई, काढा म्हणला, अण्णा म्हणून सोडतो म्हणला. मला वाटलं, ह्यो काल आलेला पोरगा मला लाईट शिकवायलाय.’ मग मान वर करून, ‘म्हंजे ते समदे डिपर...’

‘उजेड खाली घ्या म्हणत व्हते.’

‘शिव्या देत व्हते म्हण की.’

 पार्वतीबाईंनी पदर बाजूला करून कोपर दाखवलं. ‘कालची स्कूटरवाली ज्योत्स्ना व्हती. मागं मी व्हते.’

तीस वर्षांत या माणसाच्या गाडीनं कुणाला ओरखडा काढला नव्हता. त्यांनी ते कोपर दोन्ही हातांत घेतलं. ‘काल कामून न्हाई सांगितलीस?’ त्यांनी विचारलं.

‘काल तुमी लई खुशीत व्हता.’

गुंडेरावांनी मान खाली घातली आणि ते रडले. आवाज केला नाही, पण लपवलंही नाही. मग उतरून त्यांनी बॉनेट उघडलं, बायकोला उजेडासाठी बॅटरी धरायला लावली आणि दोन्ही बल्ब काढून डिकीत पडलेले जुने पिवळे घातले. नंतर लेकीला फोन करून काय बोलले ते पार्वतीबाईंना ऐकू आलं नाही. ज्योत्स्नाचं मात्र पलीकडून ‘असू दे अप्पा, असू दे’ एवढंच चाललं होतं.

शनिवारी आळंदहून निघायला तीच वेळ झाली. समोरून बस आली, निघून गेली. ट्रक गेला. दोन मोटारसायकली गेल्या. कुणी दिवे मिचकावले नाहीत, कुणाला तशी गरजच पडली नाही. गुंडेरावांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते.

‘मुका झाला गं रस्ता,’ ते म्हणाले.

पार्वतीबाईंना एकदम जाणवलं, की या दोन महिन्यांच्या सलामांत आपल्याला गाडीत एक शब्द बोलायला फट मिळाली नव्हती. ‘मंग माज्याशी बोला की. मी काय मुकी हाय?’

‘काय बोलू?’

‘कायबी. पयल्यांदा बस घेऊन ह्या रस्त्यानं गेलात, तवाचं सांगा.’

ती गोष्ट पार्वतीबाईंनी इतक्या वेळा ऐकली होती की मधेच थांबवलं तर पुढची स्वतः सांगितली असती. गुंडेराव खाकरले, गाडीचा वेग थोडा कमी केला आणि सुरू झाले. घर आलं, गाडी दारात लागली, दिवे बंद झाले. तरी दोघं आतच बसून होते, कारण गोष्टीतली बस अजून उमरग्याला पोचायची होती.