पाटीवरची पिशवी

लाज वाटते सांगाले, पण सांगतोच. विमलाचं, म्हणजे माझ्या बायकोचं म्हणणं असं, का मनात ठेवून ठेवून तुमचं फक्त बीपी वाढून राहिलं.

मी नरहरी डोईफोडे. मूळचा उमरेडकडचा. रायपुरात रेल्वेच्या पार्सल ऑफिसात अख्खी नोकरी काढली, आता समता कॉलोनीत रिटायर होऊन बसलो आहो. मले एक खोड आहे. रस्त्यानं चाललो का गाड्यांच्या पाट्या वाचतो. सीजी झिरो चार म्हणजे रायपूर, त्याच्याकडे कोण पाहते! पण एमएच दिसलं का पाय थांबलेच. एकतीस नागपूर, छत्तीस भंडारा, पस्तीस गोंदिया, बत्तीस वर्धा, सारं तोंडपाठ. काच ठोकायची अन् विचारायचं, "कोणतं गाव जी?" इथल्या आम्हा मराठी मंडळीले ही सवयच लागली आहे. अशा ओळखीवर किती लोक आमच्या घरी जेवून गेले, ते विमलाले विचारा.

माझी स्कूटरही एमएच एकतीसच. नऊ वर्षांपूर्वी नागपुरात, महाल मोहल्ल्यातल्या साळ्याच्या पत्त्यावर घेतली अन् रेल्वेनं पार्सल करून इकडं आणली. कायदा मले माहीत होता, उगाच खोटं काहून बोलू? दुसऱ्या राज्यातली गाडी वर्षाच्या वर इथं ठेवायची असली, तर तिकडच्या आरटीओची एनओसी आणायची, इथला टॅक्स भरायचा अन् सीजीची पाटी लावायची. मी नाही केलं. पाटी आपल्या मुलखाचीच पाहिजे, हा हट्ट. पोरगा पियुष सांगून थकला, "पापा, चेंज करवा लो ना." मी मराठीत बोलतो, हा पोट्टा हिंदीत उत्तर देते. त्यानं मी अजूनच पेटायचो.

त्या दिवशी सकाळी आमचं तेच भांडण झालं होतं. तापल्या डोक्यानं पंडरीच्या कापडबाजारात चादरी घ्याले गेलो. भिंतीकडे तोंड करून स्कूटर लावली, चादरी घेतल्या अन् बाहेर आलो, तर बाजूले एक जुनी व्हॅन. एमएच एकतीस! मागं साड्यांचे गठ्ठे, स्टेअरिंगवर पस्तिशीतला माणूस. मी काच ठोकली.

"काय भाऊ, नागपूरचे का? कोणता मोहल्ला?"

तो दचकला. "का होगे बाबूजी?"

छत्तीसगढी ऐकली अन् माझी सटकली. सकाळचा सारा राग त्या बिचाऱ्यावर निघाला. "एमएच लगाके घूमते हो और मराठी का एक शब्द नहीं? चोरी की है क्या गाड़ी?"

चोरी म्हटल्यावर काय, माणसं जमली. चौकातला ट्रॅफिक पोलीस आला. त्यानं मोबाइलवर नंबर टाकला, तर मालक नागपूरचा कोणी मिस्त्री. त्या माणसाचं नाव टीकम. तो हात जोडून सांगे, गाडी विकत घेतली आहे साहेब, सहीचे कागद घरी आहेत, हिच्यात साड्या घालून मी आठवडी बाजार करतो.

"रायपुर में कब से है?" पोलिसानं विचारलं.

"डेढ़ साल."

"एनओसी?"

टीकमनं नाही म्हणून मान हलवली. पोलीस म्हणाला, कागद आणेपर्यंत गाडी पोलीस थाण्यात राहील. टीकमचा चेहरा पार उतरला. गाडी गेली म्हणजे त्याचे बाजारच गेले.

आता मले बोलायचं होतं, का साहेब, चोरीचं मी रागात बोललो, या माणसाले सोडा. खरंच बोलायचं होतं. तेवढ्यात पोलीस माझ्याकडे वळला. "बाबूजी, आपकी गाड़ी कौन सी है? हटाइए, रास्ता जाम हो रहा है."

अन् मी काय केलं असन? चादरीची पिशवी स्कूटरच्या मागच्या दांडीले अडकवली. अशी, का पाटी पुरी झाकली जावी. वरून पिशवी सारखी करायचं नाटक करत तिथंच उभा राहिलो. टीकम डेढ़ सालचा गुन्हेगार, अन् मी नऊ वर्षांचा! पोलीस त्याची व्हॅन घेऊन गेला अन् मी सभ्य माणूस बनून घरी आलो.

चादरी पाहून विमला म्हणाली, "रंग छान आणला हो." मले जेवण गेलं नाही. तीन दिवसांनी तिले सारं सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "पाटी बदला आधी."

नागपुरातून एनओसी आणाले अडीच महिने गेले. ती घेऊन इथल्या आरटीओच्या लाइनीत लागलो, तर माझ्या पुढं टीकम. मले पळूनच जावं वाटलं. पण त्यानं वळून पाहिलं अन् ओळखलं.

"काकाजी, तुम्ही? कसे आहात जी?"

अस्सल नागपुरी! माझ्या पियुषले सात जन्मात जमणार नाही अशी. बारा वर्षं तो नागपुरात मिस्त्रीच्या हाताखाली कामाले होता. ती व्हॅन त्याच मिस्त्रीची.

"मंग त्या दिवशी मराठीत काहून नाही बोलला बापा?"

"भ्यालो ना जी. तुम्ही लय जोरात ओरडले."

"अन् व्हॅन?"

"अजून थाण्यातच आहे. आज एनओसी आली हातात. तोवर डोक्यावर गठ्ठा घेऊन बसनं बाजार केले."

"टीकम, मले माफ कर. त्या दिवशी माझी स्कूटरही..."

"एमएच एकतीसच होती," तो म्हणाला. "पिशवी अडकवाच्या आधीच पाहिली होती मी."

"मंग पोलिसाले काहून नाही सांगितलं?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, का हे काय विचारणं झालं. "नागपूरचा नंबर दिसला काकाजी. म्हटलं, आपलाच माणूस आहे."