अकरा रिकामं आहे

मंगळवारी सकाळी सव्वादहाला तिसऱ्या मजल्यावर बाबांनी गळ्यातले बटण दाबले आणि तळमजल्यावरच्या चष्म्याच्या दुकानात घंटा वाजली नाही.

दुकानात त्यांची मुलगी एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होती. तिला काही कळलेच नाही. कळले ते दहा वाजून चोवीस मिनिटांनी, जिन्यावर काठीचा आवाज आला तेव्हा. बेचाळीस पायऱ्या उतरून बाबा दम खात दारात उभे होते.

"बटण दाबलं होतं. पोहोचलं का ते विचारायला आलो. ओव्हर."

"बाबा, मदतीची हाक पोहोचली की नाही ते बघायला कुणी स्वतः जिना उतरून येतं का?"

बाबा गप्पच.

"अहो, काहीतरी बोला ना."

"तू ओव्हर म्हणाली नाहीस. मला वाटलं तुझं चालूच आहे."

गिऱ्हाईक हसले. मुलीने बाबांना स्टुलावर बसवले आणि गल्ल्याशेजारच्या वहीत सव्वादहाच्या वेळेपुढे 'नाही' असे लिहिले. वहीतले ते पहिले 'नाही'.

बाबांनी चौतीस वर्षे मालवाहू जहाजांवर रेडिओ अधिकारी म्हणून काम केले होते. इमारतीत त्यांना बिनतारी आजोबा म्हणत. गेल्या महिन्यात ते न्हाणीघरात पडले आणि ती जेवणाचा डबा घेऊन वर जाईपर्यंत चाळीस मिनिटे तसेच पडून राहिले. हाड मोडले नाही, पण परगावी राहणाऱ्या दादाने निर्णय सांगून टाकला: बाबांनी आता आपल्याकडे यावे. बाबांनी नकार दिला. तिने मधला मार्ग काढला. गळ्यात बटण, दुकानात घंटेची डबी. दादाने अट घातली: एक आठवडा, दिवसातून तीनदा, एकवीस वेळा दाबायचे आणि एकवीस वेळा वाजले पाहिजे. नाहीतर तो येऊन त्यांना घेऊन जाणार.

वेळा बाबांनी ठरवल्या: सव्वादहा, सव्वा, सव्वाचार. सव्वाच का, तर त्यांच्या काळी समुद्रावर दर तासाला दोनदा, सव्वा आणि पाऊणच्या काट्याला, सगळे ऑपरेटर तीन मिनिटे हात आवरून नुसते ऐकत बसत. कुणी बुडत असेल आणि त्याचा आवाज क्षीण असेल, तर तो कुणाला तरी ऐकू यावा म्हणून. घरच्या घड्याळावर तेवढे दोन तुकडे बाबांनी मुलीच्या नेलपॉलिशने लाल रंगवले होते. बाटली परत करताना "निम्मी उडून गेली" असे निर्विकारपणे सांगितले होते.

शुक्रवार ते सोमवार बाराच्या बारा घंटा वाजल्या. मंगळवारी सव्वादहाची गेली, सव्वाची वाजली, सव्वाचारची पुन्हा गेली.

संध्याकाळी दादाचा फोन आला. खोटे बोलणे तिला जमले असते. एकदा वहीकडे बघूनही झाले. पण तिने होते तसे सांगितले.

"झालं तर मग," दादा म्हणाला.

"डबी चांगली आहे रे. इमारतीतच काहीतरी घोळ आहे."

"बाबा पडतील तेव्हा इमारतीला विचारून पडणार आहेत का?"

दादा चुकीचे बोलत नव्हता, हीच अडचण होती.

फोन ठेवून ती वर गेली, तर बाबा टेबलाशी बसून मोबाईलवर काहीतरी मोजत होते. त्यांचा चेहरा चोरी पकडलेल्या हवालदारासारखा झाला होता. फरक इतकाच, की चोरही तेच होते.

"मीच बुडवलं," ते म्हणाले.

प्रकरण असे होते. इमारतीत चोवीस घरे, चोवीस वाय-फाय. या लहरींच्या पट्ट्याला परवाना लागत नाही, म्हणून तिथे कुणीही यावे: वाय-फाय, बिनतारी माऊस, कानातली बोंडे, मायक्रोवेव्हची गळतीसुद्धा. वाय-फायसाठी त्यात एकमेकांच्या अंगावर न येणाऱ्या तीनच जागा: चॅनेल एक, सहा आणि अकरा. निम्मी घरे एकवर आणि उरलेली सहावर कोंबली आहेत, असे बाबांना शनिवारी मोबाईलवर दिसले. रविवारी त्यांनी सुवाच्य अक्षरात कागद लिहून सूचनाफलकावर लावला. वर 'चॅनेल अकरा रिकामं आहे', खाली चॅनेल कसे बदलायचे त्याच्या पायऱ्या.

सोमवारी रात्रीपर्यंत चोवीसच्या चोवीस घरे अकरावर गेली होती.

आणि बटणाची डबी बोलत होती ती नेमकी अकराच्या अंगाला लागून. तिला दुसरी जागा देता येत नव्हती; स्वस्तातली डबी, जिथे बसवली तिथे बसली. बटण स्वभावाने सभ्य. बोलण्याआधी ऐकायचे, गर्दी असली तर थांबायचे, चार-पाचदा प्रयत्न करायचे आणि मग गप्प बसायचे.

"मी फक्त रिकामं आहे एवढंच लिहिलं होतं," बाबा म्हणाले. "सगळे या, असं कुठे लिहिलं होतं?"

"बाबा, बसमध्ये जागा रिकामी आहे म्हटल्यावर माणूस उभा राहतो का?"

"चोवीस माणसं एका जागेवर बसतात का?"

"तुम्ही सांगितल्यावर बसतात."

दोघेही हसायला लागले. मग बाबा थांबले आणि कागद पुढे ओढून म्हणाले, "आता कोणत्या तोंडाने सांगू, की पुन्हा उठा म्हणून?"

बुधवारी सकाळी सव्वादहाची घंटा वाजली नाही. ती दुकानावर पाटी लावून दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंकडे गेली. बाई घरूनच संगणकावर वर्ग घेत, आणि रविवारी नऊ घरांची चॅनेले त्यांनीच बदलून दिली होती.

"तुमचं नेट कसं आहे हो?" तिने विचारले.

बाईंनी आधी दार लोटून घेतले. "खरं सांगू? कालपासून रडतंय. मुलांना माझं तोंड हलताना दिसतं आणि आवाज मागाहून येतो. घसा बसलाय म्हणून सांगितलं त्यांना."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"आजोबांनी एवढं मन लावून लिहिलेलं. वरच्या काकूही तेच म्हणाल्या, आमच्याच डब्यात काहीतरी बिघाड असेल. चौतीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, त्याला काय सांगायचं?"

तिने कपाळाला हात लावला. चोवीस घरे गुदमरत होती आणि आजोबांना वाईट वाटेल म्हणून एकानेही तोंड उघडले नव्हते. दुकानातला फोन वायरवर चालत होता, म्हणून तिलाही पत्ता लागला नव्हता.

"त्यांचं बटण वाजत नाहीये, बाई. वाजलं नाही तर दादा त्यांना घेऊन जाणार आहे."

बाई उठल्या. "हवा कुणाच्या बापाची नाही, तेव्हा हुकूम कुणाला देता येणार नाही. पण मी घरोघर जाते. एकाला एक, दुसऱ्याला सहा. आणि अकराला कुणीच नाही."

"हातासरशी आमच्या घरचंही करा. बाबा शरमेनं हात लावत नाहीत."

बाबांनी जुना कागद उतरवून नवा लावला. त्यावर फक्त 'माझी चूक झाली' आणि सही. दुपारपर्यंत त्याखाली चौघांनी लिहिले होते, 'असू द्या आजोबा'. कुणीतरी 'ओव्हर' असेही लिहिले होते.

बुधवारी सव्वाची घंटा वाजली. सव्वाचारचीही वाजली. संध्याकाळी बाबांनी मोबाईलवर मोजले: दहा घरे एकवर, अकरा सहावर, तीन अजून अकरावर. त्या तीन घरांना कुलूप होते. माणसे गावाला गेलेली, वाय-फायचे डबे मात्र चालू.

गुरुवारी तिन्ही वाजल्या. शेवटच्या वेळी ती घंटेच्या डबीकडे बघतच बसली होती. वाजताच तिने वर फोन लावून "मिळालं" म्हटले, आणि बाबांनी तिला "आवाज स्पष्ट, रिसेप्शन पाचावर पाच" असे कळवले.

एकवीसपैकी अठरा. तिने वहीच्या पानाचा फोटो काढून दादाला पाठवला, तिन्ही 'नाही' सकट. खाली काय घडले ते चार ओळींत लिहिले आणि पाचवी ओळ लिहून खोडली.

दादाचे उत्तर रात्री साडेआठला आले. शनिवारी सकाळच्या गाडीने तो येतोय. परतीचे तिकीटही काढले आहे, रविवारचे. एक की दोन, ते त्याने लिहिलेले नाही.