सोमवारचं कालवण

संस्कृतीचं डोकं फिरलं ते मॅडमच्या एका साध्या प्रश्नाने.

रत्नागिरीच्या त्या कॉलेजात हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाने श्रावणात एक खाद्यप्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. विषय, 'नाना संस्कृतींचा शाकाहार'. ऋजुता मॅडम वर्गात एकेकाला उठवून विचारत होत्या, कोण काय करणार. कुणी लेबनॉनचं फलाफल घेतलं, कुणी जैनांच्या भाज्या. संगमेश्वरकडच्या खेड्यातून आलेल्या नम्रताने थाई करी घेतली. तिने थायलंड सोडाच, कोल्हापूरसुद्धा पाहिलेलं नव्हतं, पण मॅडम म्हणाल्या, "वा, छान." मग संस्कृती उठली. "मी आमच्याकडचं करते, मिरकरवाडा बंदरावरचं." मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मिरकरवाड्यात शाकाहारी असतं का गं?"

वर्ग खदखदून हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, नाव संस्कृती आणि घरात संस्कृतीचा पत्ता नाही. त्यावर तर मॅडमही हसल्या. आता असल्या विनोदावर शिकवणाऱ्या बाईने हसावं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. संस्कृतीची मात्र कानशिलं तापली आणि ती तशीच उभी राहून बोलत सुटली.

तिचे बाबा ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, आई मासळी विकणारी. पण घरात सोमवारी मासळीचा काटासुद्धा येत नाही, आणि श्रावणात तर अख्खा महिना नाही. मग आई काय करते, तर वाटप तेच ठेवते. ओलं खोबरं, लाल मिरच्या, हळद, आमसुलं आणि बांगड्याच्या कालवणात पडतात ती तिरफळं. फक्त माशाच्या जागी नीरफणसाच्या फोडी. एरवी घरात कालवण म्हटलं की माशाचंच. म्हणून याला म्हणायचं सोमवारचं कालवण. आईच्या आईपासून हेच नाव चालत आलेलं.

"बरं बरं, कर," मॅडम म्हणाल्या. "बघू या."

घरी सांगितलं तर आई आधी हसतच सुटली. "माजा कालवान कॉलेजात? येड लागलाय काय गो?" पण दुसऱ्या दिवशी साऱ्या बंदरावर बातमी झाली होती. प्रदर्शनाच्या दिवशी मासळीच्या लिलावाला जाऊबाईला बसवून आपण स्वतः कॉलेजात जाणार, हे आईने जिला तिला सांगितलं. लेकीच्या कॉलेजचं फाटक तिने आजवर ओलांडलेलं नव्हतं. जगातल्या पदार्थांच्या रांगेत आपलं कालवण आपल्या नावानिशी मांडलेलं आईने बघावं, एवढंच संस्कृतीला हवं होतं. बक्षीस गेलं खड्ड्यात.

प्रदर्शनाच्या सकाळी कॉलेजच्या स्वयंपाकघरात कालवणाला उकळी फुटली आणि तिरफळांचा वास सुटला. ऋजुता मॅडम पलीकडच्या शेगडीवरून तरातरा आल्या.

"मासे घातलेस तू?"

"नाही मॅडम. तिरफळं आहेत."

मॅडमनी झाकण काढलं, पळी घेतली आणि तळापासून ढवळलं. एक फोड वर काढून उलटीपालटी करून पाहिली. काटे शोधत होत्या. सगळी पोरं आपापली कामं सोडून बघत होती आणि संस्कृती हातात कोथिंबीर घेऊन चोरासारखी उभी. काटा काही सापडला नाही. सापडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं, असा त्यांचा चेहरा होता.

"हा टोप कॉलेजचा नाही वाटतं?"

"घरचा आहे."

"म्हणजे यात मासे शिजतात."

"घासलेला आहे, मॅडम."

"घासण्याचा प्रश्न नाही गं. लोक श्रावण पाळतात. कॉलेजच्या भांड्यात ओतून घे, आणि तो टोप बाहेर ठेव."

संस्कृतीने ओतून घेतलं. टोप बाहेर चपला काढायच्या जागेजवळ नेऊन ठेवला. तिला मॅडमचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा, की टोप तिने मुकाट उचलून आणला होता.

दुपारी पाहुणे आले. भास्करराव, वेळणेश्वरचे रिसॉर्टवाले, तेच परीक्षक. फलाफल त्यांनी चघळलं, थाई करीला मान डोलावली, आणि कालवणापाशी मात्र वाटी पुन्हा पुढे केली. "काय चव आहे हो. आमच्या आजोळी अगदी असंच व्हायचं. हे मी रिसॉर्टच्या जेवणात ठेवणार." टेबलावर पदार्थाच्या नावाची चिठ्ठी होती, ती वाचायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. मॅडमनी मात्र लगेच संस्कृतीला बाजूला घेतलं.

"चिठ्ठी बदल. 'पारंपरिक ब्राह्मणी रस्सा' असं लिही."

"पण मॅडम, ते…"

"अगं, मिरकरवाडा आणि कालवण असं वाचलं की लोकांना मासेच वाटणार. कोणी वाटी हातात घेणार नाही. तुझ्याच भल्याचं सांगतेय. पहिला नंबर तुझा आहे, घालवू नकोस. आणि हे बघ, त्यांच्या रिसॉर्टवर उन्हाळ्यात कामाला मुलं घेतात."

नम्रता शेजारून कुजबुजली, "लिव गो. नावात काय हाय?"

नावातच तर सगळं होतं. हे संस्कृतीला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी तिने लिहिलं. कोऱ्या कार्डावर, स्वच्छ अक्षरात, ओठ चावत. त्या क्षणी तिला मॅडमचा, भास्कररावांचा, नम्रताचा आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हाताचा संताप आला.

आणि आई आली. ठेवणीतली जांभळी साडी, केसांत अबोलीचा वळेसर. लिंबाने घासघासून हात लाल केलेले, मासळीचा वास येऊ नये म्हणून. आई एकेक टेबल बघत, एकेक चिठ्ठी पुटपुटत वाचत लेकीच्या टेबलाशी पोचली. वाचलं, थबकली, मग वाटी घेऊन एक घुटका घेतला.

"झ्याक झालाय," ती म्हणाली. "अगदी आपल्यासारका लागतोय. कोणी शिकवलान तुला ह्यो?" आणि मग पुढच्या टेबलांकडे मान उंचावत, "आपला कालवान कुठं मांडलंस?"

संस्कृतीने चिठ्ठीकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. एकदा चिठ्ठीकडे, एकदा लेकीच्या तोंडाकडे. तिला कळलं.

तेवढ्यात मॅडम भास्कररावांना घेऊन आल्या. भास्कररावांच्या हातात तिसरी वाटी. "या संस्कृतीच्या आई," मॅडम जरा घाईने म्हणाल्या. "मुलीने रस्सा फार छान केलाय हं."

"व्हय," आई म्हणाली. "हितंच शिकली ती. आमच्यात असला काय करीत न्हाईत."

लेकीचं नुकसान होऊ नये म्हणून आईने आपल्या हातचं, आपल्या आईच्या हातचं कालवण नाकारलं, आणि तेही हसतमुखाने. मग मात्र संस्कृतीला राहवलं नाही.

"खोटं बोलतेय ती. हे माझ्या आयेनं शिकवलान मला. हा रस्साबिस्सा काही नाही, हे सोमवारचं कालवण आहे, मिरकरवाड्याचं. आमच्या मासळीच्या टोपात शिजवलंय. मॅडमनी ओतून घ्यायला लावलं आणि नाव बदलायला लावलं. आणि मी बदललं, मला लाज वाटायला हवी."

"गप गो," आईने तिचा दंड धरला.

मॅडमचा चेहरा उतरला. भास्कररावांनी वाटीत पाहिलं. अर्धी संपली होती. त्यांनी ती हळूच टेबलाच्या कडेला ठेवली आणि रुमालाने बोटं पुसायला लागले, एकेक बोट, नीट.

आईने ते पाहिलं. लेकीचा दंड सोडला. इतका वेळ जपून ठेवलेला बारीक आवाज टाकून ती तिच्या रोजच्या आवाजात बोलली, बाजारात चार बायांच्या वर चढणाऱ्या.

"दादा, मगाशी तर लय ग्वाड लागत व्हता. तिसरी वाटी घेतलाव तुमी. आता काय झाला त्याला?"

भास्करराव काहीतरी पुटपुटले, श्रावण वगैरे.

"आमचाबी श्रावणच हाय," आई म्हणाली. तिने वाटी उचलून पुन्हा त्यांच्यासमोर धरली. लाल झालेला तो हात जराही हलत नव्हता. "अन्न हाय त्ये. टाकायचा न्हाय. खावा."