चौथी ताटली

"मावशी, तू कधी पाणीपण पीत नाहीस का?"

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली निरीक्षक बाई नुसती हसली. बोलायची तिला मुभा नव्हती. घरातली माणसं लहान मुलांना आकडे कसे शिकवतात, हे पाहायला संशोधन संस्था तिला घरोघरी पाठवायची. मांडीवरच्या टॅबलेटवर चित्रीकरण चालू असेपर्यंत तिनं भिंतीसारखं बसायचं. मान डोलवायची नाही, आकडा तर उच्चारायचाच नाही. तिला ते जड जात नसे. खोलीवर परतल्यावरही तिच्याशी बोलायला कोण होतं?

या घरातली तिची ही शेवटची भेट.

"मावशीला छळू नकोस गं," आजोबा म्हणाले. जन्मभर सुतारकाम केलेल्या या माणसानं नातीला आकडे शिकवले ते मोजपट्टी हातात देऊन. त्यांनी फळीवरून ताटल्यांची चळत खाली घेतली. "आई येईल आता कामावरून. मांड बघू. किती लागतील?"

नात एकेक ठेवत गेली. "आईची. आजोबांची. माझी." मग थेट स्टुलापाशी आली. "ही मावशीची. चार."

ताटलीला जागा व्हावी म्हणून बाईनं पाय हळूच मागे घेतले.

आजोबांचा चेहरा पडला. इथे पास-नापास काही नाही, हे त्यांना कितीदा सांगून झालं होतं. पण त्यांच्या मनातून परीक्षा काही जाईना. "बाई, हे चूक धरतात का हो?"

बाई गप्प. त्याचा त्यांनी भलताच अर्थ घेतला.

"असं बघ सोन्या, मावशी काय आपल्या घरातली आहे? ती जाईल तिच्या घरी. घरातली माणसं मोज."

"मावशी, तू सांग ना."

बाई टॅबलेटकडे पाहत राहिली.

"तीन," नात बारीक आवाजात म्हणाली.

"शाब्बास."

बाईनं पडद्यावर बोट टेकवून नोंद केली: मोठ्यांनी चूक दुरुस्त केली, मुलीनं मानली. मग चित्रीकरण बंद केलं.

"झालं?" आजोबांचा जीव भांड्यात पडला. "मग बसा की आता जेवायला. मघाशी आपलं परीक्षेपुरतं बोललो. मनावर घेऊ नका."

"नको आजोबा, जेवूनच आलेय." दिवसभर न वापरलेला आवाज घोगरा निघाला.

नात ती ताटली घेऊन फळीखाली टाचा उंचावून उभी होती. हात पोचत नव्हता. बाईनं ताटली तिच्याकडून घेतली, कोरडीच होती तरी ओढणीनं एकदा पुसली आणि आवाज होऊ न देता वर ठेवून दिली.